तोच भार, तोच घाट

महाले सरांची गाडी चढावर किती हळू चालायची हे सांगितलं की लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत. एकदा आम्ही जव्हारहून मोखाड्याला निघालो असताना एक सरडा पुढच्या काचेवर चढला. तिथे बसून त्याने ऊन खाल्लं, मान वरखाली करत आम्हा दोघांना नीट पाहून घेतलं, मग कंटाळून उतरला. आम्ही मोखाड्याच्या नाक्यावर पोचलो तर हा चहाच्या टपरीच्या बाकावर आमच्या आधी येऊन बसलेला! मी सरांना म्हटलं, "बघा, गाडीची अब्रू गेली." सर चष्मा पुसत म्हणाले, "पण तोच सरडा कशावरून?"

सरडा पुढे गेला याचं त्यांना काहीच नव्हतं. तो तोच आहे याला पुरावा काय, एवढाच त्यांचा प्रश्न.

ती पांढरी, आठशे सीसीची छोटी गाडी आता सरांच्या मेव्हण्याच्या, गोविंदाच्या अंगणात उभी आहे, आणि तिच्यावर काकडीचा वेल चढलाय. वेलाखाली बोनेट, आणि बोनेटखाली असं इंजिन, की एवढ्याशा गाडीत ते आख्ख्या पालघर जिल्ह्यात कुणाकडे नसेल. सर नाहीत. गेल्या माघात झोपेतच गेले. परवा गोविंदाकडे गेलो तेव्हा त्याने त्याच वेलाची एक काकडी तोडली, चिरून मीठ लावून पुढे केली. आयुष्यात पानातलं काही परत न पाठवणारा मी, पण ती मी तशीच ताटलीत ठेवून उठलो.

आम्ही दोघं एकाच आश्रमशाळेत. ते विज्ञानाचे, मी भूगोलाचा. माझ्या तासाला मुलं हसायची आणि त्यांच्या तासाला हात वर करायची. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी एक वाक्य लिहून ठेवलेलं असायचं, आणि ते पुसायची कुणाची हिंमत नव्हती: प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे ते फक्त शिकवत नसत, जगत. टपरीवर चहा कडू लागला तर पहिल्या कपाला साखर तीच ठेवून पत्ती कमी करायला सांगत, दुसऱ्याला पत्ती तीच ठेवून दूध वाढवायला. टपरीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की स्टोव्ह बंद करायचा.

एकदा निरोपसमारंभाचं जेवण जेवून आमच्या सगळ्या स्टाफची पोटं बिघडली. अशी बिघडली की त्या दिवशी शाळेत शिपाई सोडून कुणी नव्हतं, आणि तोही बसून नव्हता. सगळ्यांनी बासुंदीला शिव्या घातल्या. सर घरी गेले आणि यमुनावहिनींना तोच स्वयंपाक पुन्हा करायला लावला. आज नुसत्या पुऱ्या, उद्या नुसती भाजी, मग बासुंदी. शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरातून तीच लोणच्याची बरणी आणवली. लोणचं खाल्लं, आडवे झाले. बरे झाले तर खात्री करायला पुन्हा खाल्लं. सलाईन लावलेल्या हाताने त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "लोणचंच."

यमुनावहिनी खाटेशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाटील सर, लग्न ठरलं तेव्हा आयस म्हणाली, तुला मास्तर मिळाला. ह्यो तर उंदीर मिळाला. स्वतःलाच पिंजऱ्यात घालतो नि स्वतःच बघत बसतो."

वहिनी वांगणीकडच्या. नाचणीच्या डोंगरात वाढलेल्या, त्यामुळे चढ ही त्यांना कधी अडचण वाटलीच नाही. गाडीला मात्र वाटायची. चढ आला, गाडी धापा टाकू लागली, की वहिनी दार उघडून खाली उतरायच्या. "हलकी होऊ दे बिचारी," म्हणायच्या, आणि गाडीच्या बाजूने चालू लागायच्या. चालता चालता जाळीतली करवंदं तोडायच्या, निम्मी स्वतः खायच्या आणि निम्मी खिडकीतून हात घालून सरांना भरवायच्या. सर स्टेअरिंग धरून, मान डावीकडे वाकडी करून, तोंड उघडून! मी मागच्या सीटवर. मला नाही मिळायची. बरेचदा वहिनी आमच्या आधी वर पोचायच्या आणि कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "आलात? मला वाटलं खालीच मुक्काम केलात."

आता पुढचं सांगतो, गोविंदाकडून ऐकलेलं. त्यात सरडे नाहीत.

वहिनींना तापाने धरलं आणि श्वास लागू लागला. जव्हारला डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं, म्हणाले, लगेच नाशिकला न्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. सरांनी स्वतःची गाडी काढली. पुढची सीट मागे पाडून तिच्यावर वहिनींना निजवलं. आमच्याकडे पेशंटला एकटं पाठवत नाहीत. घरचे लोक बरोबर नसले तर माणूस निम्मा तिथेच खचतो. म्हणून मागच्या सीटवर वहिनींची आई, भाऊ गोविंद आणि लठ्ठ मामा बसले. डिकीत अंथरूण, स्टोव्ह, तांदूळ, पातेली. नाशिकला किती दिवस काढावे लागतील कुणाला ठाऊक.

मोखाडा गेलं. तोरंगण घाट लागला. घाटाच्या एका वळणावर वाघोबा आहे. शेंदूर लावलेली शिळा, तिच्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले. वळण नेमकं उभ्या चढावर. तिथे थांबून नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडची गाडी पुढे जात नाही, पेशंट असला तर नाहीच नाही. सर एरवी कशाला थांबणार? पण मागून सासूबाई म्हणाल्या, "नारळ दिल्याबिगर नको जावा, मास्तर. माझी पोर हाय गाडीत." वहिनींनीही पडल्या पडल्या हात जोडलेले. सरांनी ब्रेक दाबला. म्हातारीने उतरून नारळ फोडला, प्रसादाचा तुकडा लेकीच्या ओठाला लावला, गाडीत बसली.

आणि गाडी उचलेना.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मागे घसरायची. क्लचप्लेट जळाल्याचा वास सुटला. गोविंदाने उतरून मागच्या चाकाला दगड लावला. मामा उतरले, म्हातारी उतरली, सगळे मिळून ढकलू लागले. घाटात दुसरी गाडी नाही, वरूनही नाही, खालूनही नाही. हातभर पुढे, दगड, पुन्हा हातभर. वहिनींनी मान वळवून सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी उतरते ना. हलकी होईल."

त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. गाडी सपाटीला लागली तेव्हा बराच वेळ निघून गेला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि सोडली. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढं म्हणाले.

घरी सगळे म्हणाले, वाघोबाची मर्जी. गाडी त्याने धरून ठेवली, पोर त्याला हवी होती, त्याच्यापुढे कुणाचं काय चालतं? वहिनींची आई तर हे रोज म्हणायची, दळताना, निवडताना, शेणी थापताना. त्या वाक्यावर म्हातारी उभी होती. नारळ द्यायला गाडी थांबवली ती तिनेच. पण थांबवली नसती तरी त्याने नेलीच असती, एवढा तिला आधार होता.

सर दिवसकार्य झाल्यावर शाळेत आले, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "इंजिन बदलायचंय. मोठं बसवायचं. मला एवढंच बघायचं, की तोच भार घेऊन ती वाघोबापासून उचलते का."

मी म्हटलं, "सर, गाडीच बदला. चांगली जीप घ्या."

"गाडी बदलली तर दहा गोष्टी बदलतील," ते म्हणाले. "मग कळणार कसं?"

एस.टी. स्टँडच्या मागे बबन मेस्त्रीचं गॅरेज. बबन म्हणजे असा माणूस, की त्याने नुसतं बोनेटला कान लावला तरी इंजिन घाबरून खरं बोलायचं. पुढची काही वर्षं शाळा सुटली की सर तिथे. सगळ्या जव्हारला बातमी लागली. डेपोतले ड्रायव्हर, पानवाला, न्हावी, जो तो सल्ला द्यायला लागला. एकाने ट्रॅक्टरचं इंजिन सुचवलं. एकाने लग्नातल्या जनरेटरचं. आमच्या हेडमास्तरांनी सौरऊर्जा सुचवली. मी तर सांगत सुटलो होतो की सर विमानाचं इंजिन आणणार आहेत आणि शिरपामाळावरून उड्डाण करणार आहेत. एका पर्यटकाने मला तारीख विचारली.

सर मात्र एकेक इंजिन परीक्षेला बसवायचे. आहे तेच आतून कोरून, बोअर करून वाढवायचं? बबन म्हणाला, "वाढून वाढून किती वाढेल? भाकरी थापली म्हणून पीठ वाढत नाय, सर." डिझेल बसवायचं? ताकद भरपूर, पण वजनच एवढं की गाडीचं नाक जमिनीला लागेल. सरांना ताकदीची अडचण नव्हती, वजनाची होती. "भार तोच हवा," ते म्हणायचे. टर्बो लावायचा? तो वेग पकडल्यावर जागा होतो. आपल्याला जागेवरून सुटायचं. मग एक हजार सीसीचं चार सिलिंडरचं, की तेराशेचं? तेराशेला गिअरबॉक्सही त्याचाच लागणार. यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर वाद: इंजिन आणि गिअरबॉक्स ही एकच गोष्ट धरायची की दोन? मी म्हटलं, "नवराबायको एक धरतात की दोन?" सर हसले. यमुनावहिनी गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

रोज दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर ते अमेरिकेतल्या एका दाढीवाल्याला बघायचे. तो लहानशा गाडीत हौदाएवढं इंजिन बसवायचा, आठ सिलिंडरचं, आणि धूर काढत रस्त्यावर सोडायचा. बबनलाही ते दाखवलं. बबनने हात पुसत विचारलं, "हे लोक एवढं कशापायी करतात?"

"सिग्नल सुटला की शेजारच्या गाडीच्या आधी सुटायला."

"आणि आपलं कशापायी?"

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. "आपलंही तेच. सुटायलाच."

शेवटी तेराशे ठरलं. आता फक्त चांगलं इंजिन मिळायचं होतं, आणि ते काही मिळेना. भिवंडीहून एक आलं, बबन म्हणाला हेडला तडा आहे. वसईहून एक आलं, बबन म्हणाला क्रँक वाकलाय. नाशिकचं चांगलं चालत होतं, तर बबन म्हणाला, "आवाज बरा नाय." मी वैतागलो. एकदा सर नसताना त्याला धरलं. "बबन, तू लग्नासाठी इंजिन बघतोस काय रे? एकही पसंत पडत नाही तुला?"

बबन आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "सगळी चांगली होती, सर."

"मग?"

"समजा बसवलं. आन् समजा गाडी चढली. मंग काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग ते मिटून त्याचा पाना त्याच्या हातात दिला.

पण बबन किती दिवस पुरणार? सरांनी स्वतःच एक इंजिन शोधून आणलं, आणि त्यात खोट काढायला बबनचंही मन होईना. बसवायला घेतलं. इंजिन टेकतं ते माउंटिंग नवं बनवलं, रेडिएटर मोठा लावला, पासिंगच्या साहेबांकडे सर स्वतः रीतसर जाऊन आले. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा असा आवाज झाला, की स्टँडवरची उभी एस.टी. आपोआप मागे सरकली. हे मी कालपर्यंत सगळ्यांना सांगत होतो. खरं सांगायचं तर आवाज फारसा झालाच नाही. शांत, जाड, पोटातून घुमल्यासारखा. सर बोनेटवर हात ठेवून ऐकत राहिले.

नवं इंजिन जुन्यापेक्षा जड होतं. तेवढं वजन कमी करायला त्यांनी स्टेपनी काढली, जॅक काढला, टूलकिट काढलं. मग माणसं गोळा केली, त्या दिवशीचीच. गोविंद आला. म्हातारी आधी नको म्हणाली, मग म्हणाली, "वाघोबा सोडायचा नाय, जावाय. बघाच तुमी." मामा मात्र मधल्या काळात वारले होते.

सर माझ्याकडे आले. जरा संकोचून म्हणाले, "पाटील सर, रागावू नका. तुमचं वजन मामांइतकंच आहे."

मला आजवर कुणी कशासाठीही एवढ्या नेमकेपणाने निवडलं नव्हतं.

डिकीत तेच अंथरूण, तोच स्टोव्ह, तेवढेच तांदूळ, तीच पातेली. राहिली पुढची सीट. वहिनींचं त्या दिवशीचं वजन सरांच्या डोक्यात होतं. शाळेच्या कोठारात आम्ही नाचणीची गोणी ताणकाट्याला लावली. काटा मी धरला होता. सर ओंजळीने नाचणी काढत होते, घालत होते, पुन्हा चिमटीने काढत होते. शेवटी शेवटी वहिनी काडी झाल्या होत्या. गोणी फार भरली नाही. सरांनी तिचं तोंड शिवलं, सीट मागे पाडली, गोणीला निजवलं आणि पट्टा लावला.

निघालो. मोखाड्याला मी एक वडापाव खाल्ला. म्हातारी माझ्याकडे बघत होती.

घाट लागला.  वाघोबाच्या वळणावर सरांनी ब्रेक दाबला, त्याच जागी. रस्त्याकडेला एक दगड पडला होता. गोविंदाने तो ओळखला आणि मान फिरवली. म्हातारी उतरली, नारळ फोडला, तुकडा हातात घेऊन खिडकीशी आली. गोणीजवळ तिचा हात थांबला. मग तिने तुकडा सरांना दिला आणि मागे येऊन बसली.

सरांनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला.

गाडी निघाली. घसरली नाही, ओरडली नाही. सपाटीवरून निघावी तशी निघाली. वळण आलं आणि मागे गेलं. दुसरा गिअर पडला. गोविंद पुढे वाकून ओरडला, "सर, उचलली! चढली!" आणि स्वतःच्याच आवाजाने दचकून गप्प झाला.

वर सपाटीला सरांनी गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. वारा तेवढा वाजत होता.

म्हातारी मागून म्हणाली, "म्हंजे चढती व्हती."

गोविंदाने मागे वळून घाटाकडे पाहिलं.

"मंग वाघोबानं नाय नेली माझी पोर?" तिचा आवाज फुटला. "मंग मी कशापायी थांबवली गाडी?"

सरांचे हात स्टेअरिंगवर होते. ते वळले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "आई, प्रयोग चुकला."

"कसा?"

"गोणी हलकी भरली मी. यमुना जड होती. खूप जड होती. तेवढं वजन घातलं असतं तर हे इंजिनही थांबलं असतं."

आख्खं आयुष्य ज्याने चिमटीने नाचणी काढली, तो माणूस हे बोलत होता. काटा मी धरला होता. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो आई, आणि मामांच्या मानाने मी हलका. आज तर माझा उपास. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोटात."

मोखाड्याचा वडापाव म्हातारीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुढे हात लांबवला, गोणीवर ठेवला, आणि तसाच ठेवून म्हणाली, "व्हय. भारी होती माझी बाय."

त्यानंतर सर वर्गात उभे राहायचे, पण फळ्यावरचं ते वाक्य त्यांनी स्वतःच पुसलं आणि पुन्हा लिहिलं नाही. टपरीवर समोर येईल तो चहा प्यायचे. टपरीवाल्यालाच चुकल्यासारखं वाटायचं. गाडीची किल्ली त्यांनी गोविंदाला देऊन टाकली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पौषात, त्र्यंबकहून एस.टी.ने येताना. बस घाट उतरत होती. खालून ती पांढरी गाडी चढत येताना दिसली. एवढं मोठं इंजिन, पण माणसाच्या पावलाने चाललेलं. मागे एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला होता. स्टेअरिंगवर गोविंद होता. डावीकडची सीट मागे पाडलेली, रिकामी. आणि त्या खिडकीशी, गाडीच्या बाजूने सर चालत होते. काहीतरी बोलत होते. हाक मारायला मी काच सरकवली, आणि मारली नाही. वाघोबाचं वळण आलं तरी गाडी थांबली नाही, सरही थांबले नाहीत. त्यांनी मूठ उघडून हात खिडकीतून आत धरला होता.

करवंदांचा तो मोसम नव्हे. बोरं असतील.